डाव्या खांबाजवळचं भोक

मासे मी आयुष्यात पाहिलेले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मी एक जुनी जाळी आहे असं म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या तोंडाला उगाच पाणी सुटतं. मित्रांनो, मी फुटबॉलच्या गोलची जाळी आहे. चेंडू धरणं हे माझं काम. आणि तेही धरणं कसलं! चेंडू आत शिरून व्हायचं ते नुकसान झालं, की मग मी त्याला पोटाशी घ्यायचं. त्याला आधी अडवणं माझ्या हातात कधीच नव्हतं. मुळात मला हातच नाहीत.

एका कारखान्यात पांढऱ्या जाड दोऱ्यातून मला विणलं गेलं. त्यानंतर खेळाच्या दुकानात छताला लोंबकळत मी कितीतरी उन्हाळे काढले. मला विकत घ्यायला आलेली माणसं पाहून मी मनातून खट्टूच झाले होते. मला वाटलं होतं, मोठ्या मैदानावर जाईन, टाळ्या ऐकेन. आणि समोर उभे कोण, तर गळ्यात टेप लटकवलेला एक टेलरमास्तर, खिशात कंगवा असलेला एक सलूनवाला आणि कोपरापर्यंत हिरव्या डिस्टेंपरने माखलेला एक रंगारी! तिघांची दुकानं आणि घरं एकाच गल्लीत होती. आठवडाभर मान मोडून काम करायचं आणि रविवारी सकाळी शेजारपाजारच्या आणखी काहीजणांना घेऊन गल्लीमागच्या मोकळ्या मैदानात चेंडूमागे धावायचं, एवढाच त्यांचा संघ. संघाचं नावही ‘रविवार मंडळ’.

त्यांचे शर्ट टेलरमास्तरने उरलेल्या अस्तराच्या कापडातून शिवले होते. कुणाचा शर्ट निळा, कुणाचा निळसर, तर सलूनवाल्याचा चक्क जांभळा. पहिल्या सामन्यात गिऱ्हाईक आलं म्हणून सलूनवाला खेळ अर्धा टाकून पळाला आणि दाढी उरकून पुन्हा मैदानात आला. तेवढ्यात मंडळाने इतके गोल खाल्ले होते, की समोरच्यांनी मोजणं सोडून दिलं. पण त्यांच्या चेहऱ्यांवर जो आनंद होता तो बघून माझा रुसवा कुठल्या कुठे पळाला.

रंगारी त्यांचा गोलकीपर होता. म्हणजे मी नेहमी त्याच्या पाठीशी. मैदानाला उतार होता, त्यामुळे मध्यंतरात बाजू बदलाव्या लागत. जाळी तर एकच, मी. मग बाकीचे पाणी पीत बसायचे आणि रंगारी व टेलरमास्तर मला खांबांवरून सोडवून दुसऱ्या टोकाला नेऊन बांधायचे. समोरच्या संघाचा कप्तान दूधवाला होता. तो दरवेळी कुरकुरायचा, “अहो, कधीतरी आमच्या गोलला पण लावा की जाळी!”

“तुम्ही गोल खायला लागा, मग लावतो,” रंगारी म्हणायचा, आणि दोन्ही संघ खदखदून हसायचे.

या मंडळाच्या दोन रीती होत्या, त्या तुम्हाला सांगायलाच हव्यात. पहिली म्हणजे, ज्याच्या चुकीने गोल झाला त्याने सामना संपल्यावर माझं फाटलेलं अंग शिवायचं. त्यामुळे माझ्या अंगावर सगळ्यांच्या गाठी आहेत. टेलरमास्तरची गाठ बारीक आणि नेटकी, सलूनवाल्याची ढिली, आता सुटेल की मग असं वाटणारी. सगळ्यात पक्की गाठ रंगाऱ्याची.

दुसरी रीत अशी, की त्यांच्या सामन्याला पंच नसे. गोल झाला की नाही, हे रंगारी सांगेल ते खरं. याला कारण होतं. फार पूर्वी एका सामन्यात त्याने रेषेच्या आत गेलेला चेंडू बाहेर ओढला. कुणाच्याही लक्षात आलं नाही. मंडळवाले नाचायला लागले, तर हा पठ्ठ्या म्हणतो, “थांबा रे, गोल झालाय.” मंडळ हरलं. टेलरमास्तर त्याच्यावर असा भडकला, की त्याची शिवायला टाकलेली पँट त्याने मुद्दाम रखडवली. पण त्या दिवसापासून दूधवाला म्हणू लागला, “रंगारीभाऊ असताना पंच कशाला हवा?” रंगारी आठवडाभर दुसऱ्यांच्या भिंतींपुढे उभा असायचा, तिथे त्याला कोण विचारतो! पण रविवारी दोन्ही संघ त्याच्या शब्दासाठी थांबायचे. त्या एका शब्दावर त्याचा पुढचा आठवडा जायचा. हे मला माहीत आहे, कारण गोलमध्ये एकटा असला की तो पुटपुटायचा आणि मागे ऐकायला मीच असायचे.

अशी बरीच वर्षं सुखाची गेली. सलूनवाल्याचं टक्कल पडलं, त्यावरून त्याची भरपूर टिंगल झाली. दूधवाल्याचं पोट सुटलं. आणि मग एका रविवारी डावीकडून एक साधा, रांगत येणारा चेंडू रंगाऱ्याच्या पायाजवळून माझ्या पोटात आला. रंगारी हललाच नाही.

“काय राव, झोपलात काय?” सलूनवाला ओरडला. सगळे हसले. रंगारीही हसला. मी मात्र त्याच्या पाठीमागे होते. चेंडू गेला त्यानंतर त्याने मान वळवून डावीकडे पाहिलं, ते मी पाहिलं.

त्यानंतर हे वरचेवर होऊ लागलं. समोरचा चेंडू तो अजून झक्कास झेलायचा. डावीकडचा मात्र त्याला कळायचाच नाही. तो सारखी मान हलवत उभा राहू लागला. कधी कधी उजवा खांब सोडून तो डाव्या खांबाला खेटूनच राहायचा, म्हणजे मग गोल उजवीकडून व्हायचे. “वय झालं तुझं,” टेलरमास्तर म्हणायचा. “व्हायचंच,” रंगारी म्हणायचा. पण एकदा खांबाला धरून तो अगदी हळू म्हणाला, “इथून काढलं तर मी जाऊ कुठं?” माझ्या काळजात चर्र झालं.

त्याची नजर कडेकडून विझत चालली होती, मित्रांनो! मला ते स्पष्ट दिसत होतं, आणि मी कुणालाही सांगू शकत नव्हते. वारा आला की हलायचं, चेंडू आला की ताणलं जायचं, याखेरीज मला काही येत नाही. मी वाऱ्यात फडफडून बघितलं. टेलरमास्तर म्हणाला, “दोरी सैल झालीय,” आणि त्याने मला आणखी घट्ट आवळलं.

आता रीतीप्रमाणे गोल त्याच्या चुकीने, म्हणून शिवणही त्याच्याकडेच. दर रविवारी मला त्याच्यापुढे टाकून बाकीचे निघून जात. न दिसलेल्या चेंडूची शिक्षा म्हणून त्याला न दिसणारी भोकं शिवायला लावायची, हा कसला न्याय! पण त्यांना बिचाऱ्यांना तरी काय ठाऊक? डाव्या खांबाजवळ माझ्या अंगाला चेंडूएवढं भोक पडलं होतं. रंगाऱ्याने मला मांडीवर घेतलं, सुई ओवायला कितीतरी वेळ घेतला, आणि भोकाच्या शेजारचे दोन धडधाकट दोर एकमेकांना पक्के शिवून टाकले. भोक तसंच राहिलं. “झालं बघ,” असं म्हणून त्याने मला थोपटलं. मला रडू फुटलं असतं, पण तेही मला येत नाही.

पुढच्याच रविवारी वर्षाचा मोठा सामना होता, दूधवाल्याच्या संघाशी. बरोबरी चालली होती, खेळ संपत आला होता, आणि दूधवाल्याच्या पुतण्याने डाव्या खांबाकडे जमिनीलगत चेंडू हाणला. चेंडू खांबाच्या आतून आला, त्याच भोकातून सटकला आणि मागच्या गवतात जाऊन पडला. मला पुरता स्पर्शही झाला नाही.

“गोल!” दूधवाल्याची माणसं ओरडली.

“कसला गोल? बाहेरून गेलाय!” सलूनवाला त्यांच्या अंगावर धावला. “जाळी हलली तरी का?”

माझं नाव निघालं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खरी साक्षीदार, आणि माझीच साक्ष खोटी ठरत होती. गलका वाढला. शेवटी दूधवाल्याने हात वर केला. “भांडता कशाला? रंगारीभाऊ आहेत ना. भाऊ, तुम्ही म्हणाल ते.”

टेलरमास्तर आशेने त्याच्याकडे बघत होता. नुसतं ‘बाहेर’ म्हटलं असतं तर कुणी ब्र काढला नसता. ‘गोल’ म्हटलं असतं तरी त्याचं कौतुकच झालं असतं. दोन्हींपैकी काहीही बोलून त्याची जागा वाचत होती. बोल रे बाबा, काहीतरी बोल, मी मनात म्हणत होते.

रंगाऱ्याने घाम पुसला आणि विचारलं, “कुठल्या बाजूनं गेला?”

लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत करतोय. मग तो वळला आणि मला चाचपू लागला. त्याचा हात उजव्या खांबापासून सरकत सरकत आला, त्याने आदल्या रविवारी मारलेल्या गाठीवर थांबला, आणि तिथून भोकात गेला. पार कोपरापर्यंत.

“मला दिसला नाही,” तो म्हणाला. “आत की बाहेर, मला खरंच नाही सांगता येणार. डावीकडचं मला बरेच दिवस दिसत नाहीये.”

मग एकेकाला एकेक आठवायला लागलं. सलूनवाला म्हणाला, दाढीला आला की हा दाराच्या डाव्या फळीवर आपटायचा, मी चेष्टा करायचो. टेलरमास्तर म्हणाला, दुकानाचा फलक याने रंगवला त्याची डावी कड कोरीच राहिली, मला वाटलं घाईत होता. प्रत्येकाला थोडं थोडं ठाऊक होतं, आणि प्रत्येकाने त्यावर हसून घेतलं होतं.

टेलरमास्तर त्याला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन गेला. काचबिंदू निघाला. हा आजार दुखत नाही, खुपत नाही, गुपचूप नजर खात जातो. गेली ती नजर परत यायची नाही, उरलेली औषधाने जपू, आधी आला असता तर बरीच वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. रंगाऱ्याचं शिडीवर चढणं बंद झालं. गोलमध्ये उभं राहणंही.

सलूनवाला गोलकीपर झाला. पण पहिल्याच वादात दोन्ही संघांनी सवयीने गोलकडे पाहिलं, आणि तिथे सलूनवाला ‘बाहेर, बाहेर’ म्हणून नाचत होता. दूधवाल्याचा विश्वास बसेना. मग पंच आणले, पंचांशी भांडणं झाली, रविवारी यायला कुणाला सवड मिळेना. असं करत करत रविवार मंडळ संपलं. माझी वळकटी टेलरमास्तरच्या माळ्यावर पडली. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला, मी मुकाट्याने कुरतडू दिला.

मग एके दिवशी टेलरमास्तरने माळा आवरायला काढला आणि मला काखोटीला मारून रंगाऱ्याकडे आणलं. “अहो, हे कुठं ठेवू मी आता?” रंगाऱ्याची बायको म्हणाली. रंगारी खाली बसला आणि त्याने मला मांडीवर ओढलं. त्याची बोटं माझ्या अंगावरून फिरू लागली.

“ही तुझी गाठ, मास्तर. ही सलूनवाल्याची, सुटत आलीय बघ. ही माझी...” बोटं डाव्या बाजूला आली आणि भोकात अडकली. “हे राहिलंच का रे तसं?”

“राहिलं,” टेलरमास्तर म्हणाला.

“सुई दे.”

टेलरमास्तरने सुई ओवून दिली. रंगाऱ्याने डोळे मिटले आणि नुसत्या बोटांनी ते भोक शिवलं. एकही दोर चुकला नाही. “आता आणा म्हणावं चेंडू,” तो म्हणाला आणि हसला. बायको पाणी आणायचं निमित्त करून आत गेली. टेलरमास्तर जमिनीकडे बघत राहिला.

मित्रांनो, उंदरांनी कुरतडलेला कोपरा सोडला, तर आज माझ्या अंगावर एकही भोक नाही. मी धडधाकट आहे आणि रंगाऱ्याच्या पलंगाखाली घडी होऊन पडले आहे. जाळीला भोक पडलं तर ते त्याच दिवशी शिवा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्यातला कुणी सारखा चुकायला लागला, तर हसण्याआधी त्याच्याजवळ जा आणि विचारा, “तुला दिसतंय ना रे नीट?” एवढं एकच वाक्य मला त्याला विचारायचं होतं. रविवारमागून रविवार मी त्याच्या पाठीशी उभी होते, आणि मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.