आधीच दिलेलं हो

धाकट्या भावाचं ऑपरेशन दहाला होतं. वर बसून धीर निघेना, म्हणून मी तळघरात सुनेच्या कामाच्या खोलीत गेलो. इस्पितळातले संगणक एकमेकांशी बोलते ठेवणं हे तिचं काम.

"रक्तपेढीची जुनी संगणकसेवा कायमची बंद झाली, बाबा," ती म्हणाली. "आमच्या प्रोग्रामने काल दुसरी शोधून काढली. नावावरून नाही, वागण्यावरून. कोण काय विचारतं, काय उत्तर देतं, ते ताडून."

"वागणं पाहिलं. खोड पाहिली का?"

"खोड एकच. जुनी आधी रक्ताची पिशवी दाखवायची, डॉक्टर रक्तगट बघून 'हो' म्हणायचे, मग पिशवी वर जायची. नवीला 'हो' आधी लागतं, त्याशिवाय ती तोंडच उघडत नाही. म्हणून मध्ये दुभाष्या बसवलाय. तोही प्रोग्रामच. दोन्हीकडचं जमवून घेतो."

"दोन्हीकडे गोड बोलणारा माणूस मी घरात घेतला नसता, पोरी."

"तुमचं आपलं काहीतरीच!"

पडद्यावर ओळी सरकत होत्या. ती एका नजरेत पान संपवते. मी उतारवयात वाचायला शिकलो. बोट ठेवून एकेक ओळ वाचतो.

"नऊ एक्केचाळीस, डॉक्टरांचं हो. नऊ बेचाळीस, पिशवी, रक्तगट बी, खाट अकरा. अगं, पिशवी दिसायच्या आधीच डॉक्टर हो कसे म्हणाले?"

ती हसता हसता थांबली. तिने दुभाष्या उघडून पाहिला.

"तो डॉक्टरांना विचारतच नाहीये, बाबा. हो तोच म्हणतोय."

"खाट अकरा माझ्या भावाची. त्याच्या मनगटावरच्या पट्टीवर ओ गट आहे."

तिने फोन उचलला. "सिस्टर, अकराची पिशवी लावू नका!"

"लावतच होते. का? खालून आली म्हणजे डॉक्टरांनी पाहिलेलीच असते ना?"

"नाही पाहिली. काढून ठेवा."

मी पुन्हा बोट ठेवलं, या वेळी वरच्या ओळींवर.

"सूनबाई, पहाटेपासून असे अजून चार हो आहेत गं. खाट सात, खाट दोन..."

तिने फोन पुन्हा लावला. वरच्या मजल्यावर तो वाजत राहिला. रिसीव्हर माझ्या हातात देऊन ती जिन्याकडे धावली.

मी रिसीव्हर कानाला लावून उभा होतो. पडद्यावर नवी ओळ उमटली.

हो.