नारिंग्याचं खारं पाणी

मी बोलतोय. दगडाच्या कपारीजवळ नारिंगी ठिणगीसारखं काहीतरी डुलताना दिसतंय ना, तो मी. अंगावर तीन पांढरे पट्टे, शेपटीला काळी किनार. या घरात मला नारिंग्या म्हणतात.

मी समुद्री मासा, पण समुद्र मी कधी पाहिलेला नाही. माझा जन्म मासे वाढवणाऱ्या एका केंद्रातल्या टाकीत झाला. आमच्यात अंडी बाप सांभाळतो. पंखांनी हळूहळू पाणी हलवत आमच्या बापाने आम्हाला वाढवलं. त्या हलक्या झुळकीखेरीज तिथलं मला काही आठवत नाही. मग एका दुकानाची काच, मग फुगवलेली पिशवी, आणि मग हे घर.

आम्हाला पापण्या नसतात. त्यामुळे आमची स्वप्नं उघड्या डोळ्यांसमोरच चालतात. दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं आत येतं, पाण्यातून वाकतं, वाळूवर सोनेरी जाळं हलत राहतं. अशा वेळी मी जागा आहे की झोपलोय, हे माझं मलाच कळत नाही.

माझी मालकीण चष्मे बनवते. दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांत डोकावते आणि घरी आली की आमच्या पाण्यात. तिचा नवरा जहाजावर असतो. तो दूर असताना घरात कुणीतरी हलतं-डुलतं असावं, म्हणून तिने ही टाकी मांडली. माझ्याबरोबर एक कोळंबी आणली. लांबच लांब पांढऱ्या मिश्यांची. तिचं नाव पडलं मिशीवाली. ती माझे कल्ले साफ करायची, तोंडात शिरून दातसुद्धा कोरायची. मी आ वासून उभा राहायचो, आणि मला कुणी गाणं म्हणून झोपवतंय असं वाटायचं.

मग घरी बाबा आले, मालकिणीचे सासरे. त्यांची बेकरी होती. बायको गेली तशी त्यांनी ती बंद केली. मुलगा जहाजावरून आला, त्यांना दोन बॅगांसह इथे आणून सोडलं आणि सुट्टी संपली तसा परत गेला. उरले सून आणि सासरे. दोघंही भली माणसं, पण एकमेकांसमोर अवघडलेली. "चहा घेता, बाबा?" "ठेव." "काही हवंय?" "काही नको." एवढंच संभाषण. ती दुकानात गेली की बाबा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायचे आणि मात्र भडाभडा बोलायचे. पीठ कसं फुगतं, भट्टीचा पहिला वास कसा असतो, बायको पाव कशी मोजायची. आपलं बोलणं मासा ऐकतो, असं मानणारा तो पहिला माणूस मला भेटला.

आणि त्याच दिवसांत आमचं पाणी बिघडलं.

माशाला पाण्याची चव नुसती जिभेला नाही, सगळ्या अंगाला कळते. एखाद्या दिवशी पाणी जड व्हायचं, कल्ल्यांना झोंबायचं. पुढच्या दिवशी एकदम फिकं, जणू पायाखालची जमीन सरकावी तसं. मला पाय नाहीत, पण बाबांच्या तोंडून ऐकलंय. पंख अंगाला चिकटवून मी कोपऱ्यात धापा टाकायचो.

मालकिणीच्या लक्षात आलं. खारेपणा मोजायची तिची एक प्लास्टिकची डबी होती, तिच्यात काटा वर-खाली व्हायचा. आधी तिला वाटलं, काट्याला बुडबुडे चिकटत असतील. तिने डबी धुतली, टिचकी मारून बुडबुडे उडवले. आकडा तरी रोज वेगळाच. मग तिने नवं उपकरण आणलं, छोट्या दुर्बिणीसारखं. काचेवर पाण्याचा थेंब ठेवायचा आणि उजेडाकडे धरून पाहायचं. तेही खरं बोलतंय ना, हे माहीत असलेल्या द्रावणावर तपासून घेतलं. उपकरण चोख होतं. दोष पाण्यातच होता.

मग तिने झाकणावर जमलेलं मीठ खरवडलं. फेस काढणारं यंत्र जास्तीचं पाणी बाहेर टाकतंय का पाहिलं. टाकीखाली कोरडा कागद अंथरून गळती शोधली. काही नाही. खारेपणा वाढला की ती थोडं पाणी काढून साधं पाणी घालायची. पण दिवस उलटला की पुन्हा पाणी खारं.

शेवटी तिने एका रात्री काचेवर पाण्याच्या पातळीला एक लाल पट्टी चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी टाकीला हात न लावता दुकानात गेली. निघताना पाणी पट्टीच्या किंचित खाली होतं. संध्याकाळी आली तेव्हा पट्टीच्या वर.

"उन्हानं पाणी कमी होतं, हे कळतं," ती स्वतःशीच पुटपुटली. "पण वाढतं कसं?"

बाबा पेपर वाचत होते. पेपर जरासा वर गेला.

मला सगळं ठाऊक होतं. पण मी बोललो, तरी काचेपलीकडे बुडबुडेच जातात.

मग मिशीवाली गेली. कोळंबीला वाढताना जुनी कात टाकावी लागते. पाणी असं डळमळत असताना तिला ती पुरती टाकता आली नाही. कपारीशी ती आडवी पडून राहिली, मिश्या लाटेबरोबर हलत राहिल्या. मी कितीतरी वेळ तिच्यासमोर आ वासून उभा होतो.

मालकिणीने तिला बाहेर काढलं, हात पुसले आणि म्हणाली, "मला नाही जमत हे. नारिंग्या तरी वाचू दे. उद्या दुकानदाराला सगळं परत देऊन टाकते."

बाबांनी पेपर खाली ठेवला.

"देऊ नकोस," ते म्हणाले. "पाणी मी वाढवतो."

"म्हणजे?"

"तू साधं पाणी ओततेस ते बघितलं. म्हटलं, समुद्रातला मासा आणि गोडं पाणी! पोरीला माहीत नसेल. तोंडावर सांगितलं तर तुला वाईट वाटेल. म्हणून तू गेलीस की टाकीसाठी आणलेल्या तुझ्या पिंपातलं मीठ मूठभर घ्यायचो, मगभर पाण्यात ढवळायचो आणि..." त्यांनी हातानेच ओतल्याची खूण केली. "पिठाला लागतं तसं, अंदाजानं."

ती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.

"बाबा, उन्हानं पाणी उडतं. मीठ उडत नाही, ते टाकीतच राहतं. म्हणून भर घालताना साधंच पाणी."

"अगं, म्हणजे सूप आटलं की खारट होतं तसं!" बाबांनी कपाळावर हात मारला. "एवढं साधं मला कळू नये? मिशीवालीला मीच मारलं."

"आपण दोघांनी. तुम्ही घालत होतात, मी काढत होते. मीही कुठे विचारलं तुम्हाला?"

त्या संध्याकाळी चहा दोनदा झाला. आणि बाबांनी भट्टीच्या, बायकोच्या गोष्टी पहिल्यांदाच माणसाला सांगितल्या. मी ऐकत होतो, अर्धा जागा, अर्धा झोपेत.

तिने पाणी एकदम सुधारलं नाही. रोज थोडं थोडं बदलत, मला धक्का न देता, ते जागेवर आणलं. पट्टीपर्यंत साधं पाणी भरायचं काम आता बाबांकडे आहे. दुर्बिणीतून आकडा दोघं पाहतात आणि त्यावरून भांडतातही. अवघडलेपण गेलं, की माणसं भांडतात, असं दिसतं.

मी आता म्हातारा झालोय. नारिंगी रंग जरा विटलाय.

आज घरी नवी कोळंबी आली आहे. तिची पिशवी एका भांड्यात मोकळी केली आहे आणि बारीक नळीतून आमच्या टाकीचं पाणी त्या भांड्यात पडतंय. एक थेंब. मग एक थेंब.

"किती वेळ चालणार हे?" बाबांनी विचारलं.

"चालू दे, बाबा. एकदम सोडली तर धक्का बसतो तिला. आपलं पाणी तिच्या अंगवळणी पडायला हवं."

बाबा भांड्याकडे बघत राहिले. "मलाही बसला होता," ते हळूच म्हणाले.

तिने मान वर केली. मग नळीची गाठ किंचित आणखी आवळली, म्हणजे थेंब अजून सावकाश पडावेत.

तुमच्याही घरात कुणी दुसऱ्या पाण्यातून येईल. पाहुणा, सून, सासरा, एखादं पोरकं पोर. त्याला असंच येऊ द्या. आता मला थोडा डुलू द्या. भांड्यातून दोन पांढऱ्या मिश्या वर आल्या आहेत आणि हवेत काहीतरी चाचपडत आहेत.