सिस्टरनं मान डोलावली

"आपल्या सिस्टर इथंच बसल्यात की. त्यांनाच विचारू या," पाळकसाहेब म्हणाले आणि अख्खी मंडळी माझ्याकडे वळून बघायला लागली. "सांगा सिस्टर, शलमोनभाऊंचा रिपोर्ट नॉर्मल आला, खरं ना?"

गेल्या वर्षीचा ईस्टर. चर्चमध्ये दोनेकशे माणसं. समोर वेदीजवळ माझे मिस्टर उभे होते, अंगात पांढराशुभ्र शर्ट, हातात लॅबचा कागद. त्यांची साक्ष नुकतीच संपली होती. आमच्यात कुणाचं काही भलं झालं की उपासनेत उभं राहून ते सगळ्यांना सांगायची रीत आहे. कुणाच्या मुलीचं लग्न जमतं, कुणाच्या बोअरला पाणी लागतं, कुणाचं ऑपरेशन सुखरूप पार पडतं. ह्यांची साक्ष अशी होती, की ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस, ज्याला आम्ही लेंट म्हणतो, त्या दिवसांत ह्यांनी मटण, अंडी काही शिवलं नाही, प्रार्थना केली, आणि एकशे शहाऐंशीचं वाईट कोलेस्टेरॉल चौऱ्याण्णववर आलं.

"डॉक्टरनं मरंपर्यंत गोळी सांगितली हुती," हे म्हणाले. "देवानं ती सोडवली."

रिपोर्ट नॉर्मल आला होता, हे खरंच होतं. पाळकसाहेबांनी तेवढंच तर विचारलं होतं. मी मान डोलावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी हन्ना. चौतीस वर्षं सरकारी उपकेंद्रात नर्स होते. नेवासे तालुक्यातल्या सात-आठ वाड्यावस्त्यांवर बीपीच्या, शुगरच्या, टीबीच्या गोळ्या लोकांच्या गळी उतरवण्यात माझी उमर गेली. ह्यांनी साक्षीत जे सांगितलं नाही ते मला पुरतं ठाऊक होतं. लेंट सुरू व्हायच्या आधीपासून, एकूण तीन महिने, हे रोज जेवल्यावर गोळी घेत होते. मीच ती हातावर ठेवत होते.

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या मुलाच्या, नॅथनच्या कंपनीनं, तो सुप्याला नोकरीला आहे, कामगारांच्या आईवडिलांच्या तपासण्या करून दिल्या. त्यात ह्यांचं कोलेस्टेरॉल निघालं. नगरला डॉक्टर धनश्रीकडे गेलो. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी, पण बोलणं शांत आणि सरळ.

"म्या तर आठवड्यातनं एकदाच मटान खातो," हे म्हणाले. जणू चोरीचा आळ आला होता.

"काका, खाण्यातून थोडंच येतं. बाकीचं तुमचं लिव्हर स्वतः बनवतं. काहींचं जरा जास्तच बनवतं. तुमचे वडील कशानं गेले?"

"झटक्यानं. बावन्नाव्या वर्षी. उसाला पानी देता देता."

डॉक्टरनं ते लिहून घेतलं. "बीपी आहे, तंबाखू आत्ता कुठं सुटलीय. गोळी सुरू करू या."

"पन मला त्रास कायच न्हाई."

"त्रास व्हायची वाट बघायची नाही, म्हणून तर गोळी."

मी नर्स, त्यामुळं गप्प बसवेना. विचारलं, "गोळी घेतली म्हणजे झटका येणारच नाही का?"

"तसं नाही काकू. काकांसारखी शंभर माणसं धरा. दहा वर्षांत त्यातल्या वीसेक जणांना झटका येईल. सगळ्यांनी गोळी घेतली तर चौदा-पंधरा जणांना येईल. आता काका त्यातले कोण, हे मला सांगता येत नाही. कुणालाच येत नाही. पाय फार दुखायला लागले तर कळवा, बदलून देऊ."

परतताना गाडीवर हे मागं न बघता ओरडून बोलत होते. "तिलाच ठावं न्हाई म्या कोन! अन म्या जलमभर गोळ्या खायच्या व्हय?"

ह्यांचं जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं, फाट्यावर. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी. त्याच आठवड्यात शेजारच्या मळ्यातला छगन जळकी मोटार घेऊन आला. मी चहा घेऊन गेले होते. ह्यांनी मोटार खोलली आणि विचारलं, "प्रिव्हेंटर काढला हुता ना?"

प्रिव्हेंटर म्हणजे स्टार्टरमधला एक छोटा डबा. वायरीतला एखादा फेज गेला की तो मोटार बंद करतो, जळू देत नाही.

"सारखा बंद पाडायचा वो," छगन म्हणाला. "त्याच्याबिगर मोटार झकास चालत हुती. दोन म्हैने चालली."

"चालत हुती म्हनून काढला? आरं, ते काय मोटार चालवायला अस्तंय? ते वाचवायला अस्तंय!"

मी चहाचा कप ठेवला आणि म्हटलं, "ऐकलंत ना? आता हेच स्वतःला सांगा."

छगनला काही कळलं नाही, पण ह्यांना कळलं. तोंडातल्या तोंडात हसले. त्या दिवसापासून जेवण झालं की न बोलता हात पुढं करायचे. मला वाटलं, जिंकले मी. गावाला सांगून सांगून घसा कोरडा पडला, घरात एकदा तरी कुणी ऐकलं.

मग लेंट आला. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, ह्यांनी कधी लेंट पाळला नव्हता. त्या वर्षी पाळला. मटण सोडलं, चहासुद्धा सोडला. मला बरंच वाटलं. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टर फोनवर म्हणाली, "छान. गोळीनं काम केलंय. बंद नका करू, बंद केली की परत वाढेल." मी तसंच्या तसं ह्यांना सांगितलं.

"म्हंजी म्या चाळीस दिस तोंड बांधलं, त्येचं कायच न्हाई व्हय?" हे दुखावून म्हणाले.

"आहे की. थोडं आहे."

तिथंच मी चुकले. 'थोडं' म्हणायला नको होतं. पण एवढ्या हौसेनं उपवास केलेल्या माणसाला काय सांगायचं?

साक्ष देणार आहेत, हे मला सांगितलं नव्हतं. चर्चमध्ये हे नेहमी शेवटच्या बाकावर बसायचे, दाराजवळ, कारण नखांतलं ग्रीस कितीही घासलं तरी जायचं नाही. त्यांना कुणी कधी पुढं बोलावलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा पुढं उभे होते आणि दोनशे माणसं त्यांचं ऐकत होती. मी एवढंच म्हणायचं होतं, की गोळी चालू होती. तीनच शब्द. पण सगळ्यांसमोर, वेदीपाशी, स्वतःच्या नवऱ्याला खोटं पाडायचं? मला ह्यांना खाली बसवायचं नव्हतं. म्हणून मान डोलावली.

घरी येऊन ईस्टरचं मटण वाढलं, ताटाशेजारी गोळी ठेवली. ह्यांनी ती बोटानं सरकवली.

"देवासमोर साक्ष दिलीय. आता घेतली तर म्या खोटा."

"मग खोटे व्हा. जगाल तरी."

"तूच तर मान डोलावलीस."

पंधरा दिवस भांडले. गोळी कुटून भाजीत टाकावी, असंही एकदा मनात आलं. चौतीस वर्षांत कुणालाही चोरून औषध दिलं नव्हतं, म्हणून नाही टाकली. मग दमले आणि सोडून दिलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आमच्या मळ्याच्या वस्तीवरच्या साळूबाई, वय सत्तरीच्या पुढचं, अंगठाबहाद्दर, त्या मात्र महिन्याच्या महिन्याला रिकामी पाकिटं पदरात बांधून मला दाखवायला आणायच्या. "बगा शिस्टरबाई, येक बी ऱ्हायली न्हाई." त्या आमच्या चर्चमधल्या नव्हत्या, तेवढं त्यांचं नशीब.

ह्या वर्षी फेब्रुवारीत, दुपारी बाराच्या सुमाराला, छगन दुकानातून पळत आला. हे मोटारीची कॉइल भरत होते. छगनला वाटलं, वाकून तार बघतायत. तांब्याची तार हातातच होती. नगरला पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं.

आठ दिवसांनी मी एकटीच डॉक्टर धनश्रीकडे गेले. ईस्टरपासून गोळी बंद होती, हे तिला तेव्हा कळलं.

"चालू असती तर?" मी विचारलं.

ती म्हणाली, "काकू, वाचलेच असते असं मी म्हणणार नाही. धोका कमी झाला असता."

तिनं खोटं बोलायला हवं होतं. 'नक्की वाचले असते' म्हणाली असती तर मी स्वतःला धरून बडवलं असतं. 'काही फरक पडला नसता' म्हणाली असती तर झोप लागली असती. पण ती माझ्यासारखी नाही. ती खरं सांगते.

महिन्याच्या प्रार्थनेला लोक घरी आले. निघताना सॅम्युएल गुरुजी माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सिस्टर, भाऊ गेले पन त्यांची साक्ष जिवंत हाय. त्यांचं ऐकून म्या बी गोळ्या बंद केल्या. वर्ष होत आलं. बघा, ठणठणीत."

गुरुजींच्या हृदयात चार वर्षांपूर्वी स्टेंट टाकलेला आहे. चौकशी केली, तर गुरुजींसारखे आणखी पाच जण निघाले. मला वाटत होतं मी नवऱ्याचा मान राखला. मी सहा घरांची औषधं बंद केली होती.

दुसऱ्या दिवसापासून चप्पल घातली आणि दारोदार फिरले, नोकरीत फिरायचे तशी. आधी गुरुजींकडे.

"ते कोलेस्टेरॉल गोळीमुळंच उतरलं होतं, गुरुजी. हे तीन महिने गोळी घेत होते."

"दुःखात मानूस असं बोलतं, सिस्टर."

"दुःखाचा काय संबंध? मला माहीत होतं. तरी मी मान डोलावली."

गुरुजींनी चष्मा काढला. "देवाच्या घरात? ईस्टरच्या दिवशी? तुमी?" आणि हसले. "तुमी तसं करनाऱ्यातल्या न्हाई. आमी काय वळखत न्हाई व्हय तुमाला?"

चौतीस वर्षं कमावलेला विश्वास, तो असा अंगलट आला. सहाही घरांत तेच. चहा दिला, डोळे पुसले, आणि गोळीचा विषय निघाला की म्हणाले, सिस्टर खचल्यात. एकीनं तर नॅथनला फोन करून सांगितलं, आईला एकटं ठेवू नको.

पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही.

"बहीण, मी गुरुजींना खाजगीत सांगेन," ते म्हणाले. "पण चर्चमध्ये कशाला? भाऊ आता नाहीत. ते खोटं बोलले असं होईल. त्यांचं नाव राहू द्या."

"नाव राहील आणि माणसं जातील."

"विश्वास एकदा डळमळला की परत बसत नाही."

खाजगीत त्यांनी काही सांगितलं नाही. मी गुरुजींना विचारून खात्री केली.

ह्या वर्षीचा ईस्टर आला. मी पर्समध्ये दोन्ही रिपोर्ट घातले, जानेवारीतला आणि ईस्टरचा, आणि घरात उरलेलं ह्यांच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट. पुढून तिसऱ्या बाकावर बसले. पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायचीय?" मी उभी राहिले. त्यांचा चेहरा उतरला, पण साक्षीला उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी बस म्हणत नाही.

"मागच्या ईस्टरला मी इथं मान डोलावली होती," मी म्हणाले. "ती खोटी होती. माझ्या मिस्टरांचा रिपोर्ट गोळीमुळं नॉर्मल आला. रोज मी देत होते. मला ठाऊक होतं आणि मी बोलले नाही. त्यांनी गोळी सोडली, आणि ते गेले. ज्यांनी ज्यांनी माझ्याकडे बघून गोळ्या बंद केल्या..."

एवढं झालं आणि हुंदका आला. तो यायला नको होता. पर्समधून कागद काढला, आकडे वाचून दाखवायचे होते.

"आपल्या बहिणीच्या दुःखात आपण सगळे आहोत," पाळकसाहेब फार मायेनं म्हणाले. "आपण सारे उभे राहू या आणि गीत गाऊ या."

पेटी वाजली, तबला लागला. बाकं करकरली, दोनशे माणसं उभी राहिली. पुढच्या बाकावर सॅम्युएल गुरुजी पुस्तक लांब धरून खड्या आवाजात गात होते, मानेच्या शिरा ताणून. मी उभीच होते, पण आता सगळेच उभे होते. माझ्या हातात नुसताच कागद बघून शेजारच्या बाईला वाटलं, माझ्याकडे पुस्तक नाही. तिनं आपलं गीताचं पुस्तक माझ्या पुढ्यात धरलं आणि आपण कुठल्या ओळीवर आहोत ते बोटानं दाखवलं.