पार्सल तिच्या नावाचं

ईश्वरीला सातवा लागला तेव्हा तिने फोनवर सांगितलं, "बाबा, बाळंतपणाला मी माहेरीच येणार. आई नसली तरी. रविवारी खोली बघून जाते."

मला आनंद झाला. पण त्या खोलीचं दार अर्धंच उघडत होतं. आत खोके होते.

ईश्वरीची आई गेल्यावर मी तिचा मोबाइल चार्ज करत राहिलो. त्यात खरेदीचं अ‍ॅप होतं. पहिल्यांदा गॅसचा लायटर मागवला, तो खरंच हवा होता. मग चादरी, कढई, डबे, मिक्सर. मागवलं की पार्सल निघालं, ऐरोलीत पोचलं, असं बघत बसायचो. बसायचो कसला, स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून दारात. इंटरकॉम वाजला की बरं वाटायचं. खोका खोलीत ठेवला की परत घर खायला उठायचं आणि हात मोबाइलकडे जायचा.

थांबायचा प्रयत्न केला. मोबाइल तांदळाच्या डब्यात पुरला आणि खाडीकडे फिरायला निघालो. अर्ध्यातून परत आलो, तांदूळ उपसले.

रविवारच्या आत खोके हलवायचे होते. एकही हलवला नाही. उलट कुकर मागवला.

ईश्वरी आली. पोट सांभाळत, आडवी होऊन खोलीत शिरली.

"तीन मिक्सर? बाबा, वडापावची गाडी टाकताय का?"

"सेल होता."

"आणि लेडीज चपला? त्या कोण घालणार, तुम्ही?"

मी चपलांचा खोका मागे सरकवला.

"एकही खोका उघडलेला नाही. सासूबाई म्हणतात, इथेच राहा, तिकडे कोण आहे तुझं करायला. मी भांडले त्यांच्याशी. आता काय सांगू? बाबा आहेत, पण मला ठेवायला जागा नाही?"

"दोन दिवसांत आवरतो."

"आणि चौथ्या दिवशी परत भरता. बाळाला कुठे झोपवू, मिक्सरवर?"

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. मी धावलो, पण तो तिच्या हाताशी होता. नवा वॉचमन दिनानाथ मोठ्याने बोलतो, मला इथवर ऐकू आलं. "सुचित्रा मॅडमचं पार्सल हाय. सोडू का वर?"

ईश्वरीने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. मग म्हणाली, "सोडा."

दारात पार्सलवाल्याने विचारलं, "सुचित्रा जगदाळे?"

"हो," मी म्हणालो आणि कुकर घेतला. ती माझ्याकडे बघत होती.

"आई गेली हे वॉचमनला माहीत नाही?"

"नवीन आहे तो."

"आणि तुम्ही सांगितलं नाही."

"एकदा मी माझ्या फोनवरून टॉर्च मागवला," मी म्हणालो. "पार्सलवाल्याने दिलीप जगदाळे म्हणून हाक मारली. काहीच वाटलं नाही. टॉर्च घेतला नि दार लावलं. तेव्हा कळलं मला."

"काय?"

"तू आई म्हणतेस. सोसायटीत काकू म्हणतात. गावाकडे सगळे वहिनी. मी तर जन्मात नावाने हाक मारली नाही, अगं म्हणायचो. आमच्याकडे तशीच रीत. तिचं नाव आता फक्त हे लोक घेतात."

ईश्वरी एका खोक्यावर बसली.

"मग तुम्ही घ्या," ती म्हणाली.

"काय?"

"नाव. तुम्ही घेतलंत तर मी येते. नाहीतर ही खोली परत भरणार, मला माहितीये."

"अगं, असं कसं..."

"ते अगं नको."

मी गॅलरीत जाऊन आलो. पाणी प्यायलो. ती तिथेच बसलेली. मीही समोरच्या खोक्यावर टेकलो.

"सुचित्रा," मी म्हणालो. चोरून बोलल्यासारखा आवाज निघाला.

"पुढे?"

"पुढे काय?"

"नुसतं नाव नको. काहीतरी सांगा तिचं."

"सुचित्रा... सुचित्रा तुझ्या वेळी माती खायची. गॅलरीतल्या कुंडीतली. शेजारच्या वैशालीताईंनी पकडलं, तर म्हणाली, तुळशीला खत घालतेय."

"तोंडाला माती लावून?"

"हो ना." मला उठावंसं वाटलं. हात मोबाइलवर गेला. ईश्वरीने तो काढून घेतला आणि कुठल्या वस्तू परत जातात ते बघायला लागली.

"बोलत राहा, बाबा. मिक्सरचं मी बघते."

मी बोलत राहिलो. रिकाम्या हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं.