बाबांची झडती

संध्याकाळी फिरून आले की बाबा दारातच थांबायचे आणि दोन्ही हात वर करायचे. मग मी त्यांचे खिसे तपासायची. हडपसरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं भट्टीवर काढलेल्या माणसाला गेटवरची झडती नवी नव्हती. "कंपनीत एकदा पण सापडलो नाय," असं म्हणून ते हसायचे. मला हसू यायचं नाही. त्यांच्या जठरात जखम होती आणि तिचं पुढे काय होईल या भीतीनं माझी झोप उडाली होती.

मिठाची सवय त्या भट्टीनंच लावली. घामानं माणसं कोसळू नयेत म्हणून तिथे मिठाचं पाणी प्यायला द्यायचे. नोकरी संपली, मीठ सुटलं नाही. वरणावर मीठ, काकडीवर मीठ, लोणच्यावरसुद्धा मीठ. वर आठवड्यातून तीनदा खारं सुकट. सदाशिव पेठेतल्या डॉक्टर पद्मजा लेल्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गोळ्या मी देते, मीठ तुम्ही थांबवा. जास्त मिठानं जठराचं अस्तर सोलवटतं, जखम भरत नाही. आणि न भरणारी जखम मला आवडत नाही." आवडत नाही म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. कळलं होतं.

आई चार वर्षांपूर्वी गेली. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे माझ्या हुकूमशाहीला विरोध करायला कुणी नव्हतं. मिठाची बरणी माझ्या कपाटात, कुलपात. लोणची वाटून टाकली. समोरच्या शकूमावशींना दम दिला, की बाबांना पापडाचा तुकडा जरी दिलात तरी आपलं बोलणं बंद. तीन महिने आम्ही अळणी भाजी गिळली. तरी जेवण झालं की बाबा पोट धरून बसायचे आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडायचा.

"बाहेर काय खाता?" मी एकदा ओरडलेच.

"काय बी नाय गं, आमू."

"मग दुखतं कसं? खोटं बोलता तुम्ही. आईलाही असंच फसवलंत आयुष्यभर."

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात येऊन त्यांनी आपणहून हात वर केले आणि झडती सुरू झाली.

खिशात सापडायची ती फक्त पाचकाची डबी. ती मीच दिलेली. दर शनिवारी मंडईतून मी सुटं पाचक आणायची. दुखलं की चिमूटभर जिभेवर ठेवा, लगेच ढेकर येते, असं तो विकणारा सांगायचा आणि ढेकर यायचीही. डबी मी उघडून बघायची, कमी झाली असली तर भरायची आणि माझ्या हातानं परत त्यांच्या खिशात ठेवायची.

मंगळवारी तपासणीचा निकाल होता. दुर्बिणीनं दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा जखम जशीच्या तशी होती, म्हणून डॉक्टरांनी तिचा तुकडा काढून पाठवला होता.

"रिपोर्ट येतोय, दहा मिनिटं," डॉक्टर म्हणाल्या. "तोवर सांगा. मीठ?"

"कुलपात आहे," मी म्हणाले. "पण हे बाहेर चोरून खात असणार. तुम्हीच विचारा."

बाबा मान खाली घालून बसले होते. तेवढ्यात कळ आली असावी. त्यांनी सवयीनं डबी काढली, चिमूट घेतली.

"काय आहे ते?"

"पाचक. औषध हाय," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी हात पुढे केला, डबीतला कण जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं. मग माझ्यापुढे डबी धरली. "घ्या. चाखा."

मी कधीच चाखलं नव्हतं. माझं पोट कशाला दुखतंय! ओव्याचा वास होता, हिंग होता, आणि त्याखाली नुसतं मीठ. पादेलोण, सैंधव, जे काय असेल ते. घशापर्यंत खारट झालं.

"जखमेवर मीठ चोळणं हा वाक्प्रचार आहे, उपचार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दिवसातून किती वेळा?"

"पाच-सहा," बाबा म्हणाले.

"कोण आणून देतं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मीच आणतो," ते म्हणाले. "चोरून. हिला ठाऊक नाय."

तीन महिने मी ज्या कबुलीसाठी त्यांच्यामागे हात धुऊन लागले होते, ती त्यांनी एका दमात देऊन टाकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी आणते," मी म्हणाले. "ते खोटं बोलतायत. मीच भरून देते."

डॉक्टर काही बोलणार तोच दार उघडलं आणि पाकीट आलं. त्यांनी ते फोडलं, पहिलं पान वाचलं, उलटलं, दुसरं वाचलं. मी बाबांचा हात घट्ट धरला होता.

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण अस्तर बदलायला लागलंय. आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर मी हे वाक्य बोलू शकले असते का, माहीत नाही. आजपासून मीठ बंद. त्याचं नाव काहीही असो."

रिक्षानं घरी आलो. मी कुलूप काढून आत गेले आणि वळून बघते तर बाबा उंबऱ्याबाहेर थांबलेले. सवयीनं दोन्ही हात वर.

मला ते बघवलं नाही. मी पुन्हा बाहेर आले, पर्स त्यांच्या हातात दिली आणि त्यांच्यापुढे हात वर करून उभी राहिले. "आज माझी घ्या."

त्यांनी आधी नको म्हटलं. मग चेन उघडली आणि आत हात घातला. शनिवारी आणलेल्या पाचकाच्या दोन पुड्या निघाल्या, अजून न फोडलेल्या.

"सापडलीस गं," बाबा म्हणाले, आणि मी दारातच रडायला लागले.