मंत्र्यांच्या भाषणातल्या तीन ओळी

तुम्ही सगळे म्हणता ना, तुझी नोकरी म्हणजे एसीत बसून टाइप करायचं. तर आज ऐकाच. आणि मधे बोलू नका, माझा धागा तुटतो.

माझं काम तुम्हाला माहितीये, सभागृहात जो जे बोलेल ते शब्दन्‌शब्द लिहायचं. दहा मिनिटं मी, दहा मिनिटं दुसरी, मग तिसरा. खाली मधोमध आमचं टेबल, वर हे आमदार चारही बाजूंनी भुंकत असतात, आणि आपण मान खाली घालून लघुलिपीत खरडायचं. कोणी ‘गाढव’ म्हणालं तर गाढव लिहायचं, बाकं वाजवली तर कंसात बाकं वाजवली असं लिहायचं. मग वर जाऊन टाइप. मग ते पान ज्याचं भाषण त्याला जातं. पंधरा दिवसांत त्याने तपासून परत द्यायचं, आणि नियम असा की काना-मात्रा सुधारायची, अर्थ बदलायचा नाही. आणि फक्त आपलं स्वतःचं बोलणं सुधारायचं, दुसऱ्याच्या वाक्याला हात लावायचा नाही. हे शेवटचं नीट ऐका. सगळं त्यावरच आहे.

आता मावशी. माझी मावशी, जी आमच्याकडेच राहते, जी तुम्हाला दारातून हाकलते बूट बाहेर काढा म्हणून. ती बांधकाम खात्यात अभियंता. नदीवरचा नवा पूल तिच्याकडे होता. पूल झाला, पण वजनाची चाचणी बाकी होती. म्हणजे पुलावर वाळूने भरलेले ट्रक चोवीस तास उभे करायचे, पूल किती दबतो ते मोजायचं, ट्रक काढले की परत वर येतो का बघायचं. एवढंच. तीन दिवसांचं काम. पण त्यांच्या मंत्र्यांना, ज्यांना आम्ही ऑफिसात फीतकापे म्हणतो, त्यांना थांबायला वेळ नाही. या माणसाने एकदा दुरुस्त केलेल्या लिफ्टचं उद्घाटन केलंय. खोटं नाही सांगत, लिफ्टला फीत. आत अडकले असते तर बरं झालं असतं.

मावशीने लेखी दिलं, चाचणीशिवाय पूल उघडू नये. फीतकाप्यांनी उघडला. फोटो, हार, उघड्या जीपमधून पुलावरून फेरी. आणि दोन दिवसांनी सभागृहात याच गोष्टीचा टेंभा मिरवला. त्या दहा मिनिटांत खालच्या टेबलावर कोण? मी.

मला अजून तोंडपाठ आहे. फीतकापे उठले, जाकीट खाली ओढलं, म्हणाले, “अभियंता बाईंनी मला लेखी कळवलं, चाचणी झाल्याशिवाय पूल उघडू नका. मी म्हटलं, बाई, चाचणी लोक घेतील. आणि मी फीत कापली.”

विरोधी बाजूला एक म्हातारे आमदार आहेत, कुणालाही वाक्य पुरं करू देत नाहीत, त्यांना आम्ही ‘मध्येच आजोबा’ म्हणतो. ते ओरडले, “म्हणजे बाई नको म्हणत असताना उघडलात?”

“हो, उघडला. त्याला धमक लागते.”

तेवढ्यात अध्यक्ष. म्हणजे सभागृहाचे अध्यक्ष, याच पक्षाचे. दोन वाजत आले होते, त्यांचं पोट बोलायला लागलं होतं. ते म्हणाले, “मंत्रिमहोदय, बाईंचा विरोध का होता तेवढं सांगा आणि आटपा.”

“भित्र्या आहेत, दुसरं काय,” फीतकापे म्हणाले, आणि त्यांच्या बाजूने जो काही हशा झाला ना. मी लिहिलं. कंसात हशा. माझ्या मावशीवर हसत होते आणि मी ‘हशा’ लिहीत होते.

ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं की ती माझी मावशी. मी सांगितलंही नाही. घरी पण नाही सांगितलं.

अकराव्या दिवशी पूल खचला. पडला नाही, मधला एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला तुकडा, वीतभर खाली बसला. त्या खाचेत एक स्कूटर आपटली, चालवणाऱ्या काकांचा पाय दोन ठिकाणी मोडला. आणि फीतकाप्यांची अशी पाचावर धारण बसली की संध्याकाळच्या आत कॅमेऱ्यासमोर उभे. चेहरा असा केला होता जसा काही यांचाच पाय मोडलाय. “अधिकाऱ्यांनी मला लेखी सांगितलं, सगळं ठीक आहे. मी तंत्रज्ञ नाही. दोषींना सोडणार नाही.” दुसऱ्या दिवशी मावशी निलंबित. तिचं ते पत्र? फाईलमधून गायब. तिच्याकडची प्रत? ती ऑफिसच्या कपाटात होती, आणि कपाटाला सील. वर गुन्हा दाखल करायची भाषा सुरू झाली. तेवीस वर्षांची नोकरी, एक दिवस उशिरा गेली नाही कधी. आणि हे गाल वाजवणारे तिला तुरुंगात टाकणार.

आई रडत होती. मावशी शांतपणे नखं कापत बसली होती. मी म्हटलं, “मावशी, ते सभागृहात स्वतः बोललेत तू नको म्हणालीस म्हणून. मी लिहिलंय.”

ती म्हणाली, “छापून आलंय का?”

“नाही, अजून पान त्यांच्याकडेच आहे, सुधारायला.”

ती माझ्याकडे बघून हसली फक्त. मला तेव्हा कळलं नाही का हसली. दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी अकराला फीतकाप्यांचे पीए आमच्या शाखेत हजर. अत्तराचा वास आधी येतो, मग ते येतात. आमच्या साहेबांच्या टेबलावर पान ठेवलं. मंत्र्यांच्या तिन्ही ओळी लाल पेनाने खोडून वर नवीन लिहिल्या होत्या.

साहेबांना निवृत्तीला चार महिने. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. मग म्हणाले, “ही... ही शुद्धलेखनाची दुरुस्ती आहे का?”

पीए म्हणाले, “मंत्रिसाहेबांच्या बोलण्याचा आशय स्पष्ट केलाय.”

“रेकॉर्डिंग आहे हो.”

“त्या दिवशी मशीन बिघडलं होतं,” पीए म्हणाले.

“कुठे? चालू होतं की.”

“बिघडलं होतं,” पीए परत म्हणाले, आणि साहेबांच्या पाठीवर असा हात ठेवला जसा मेलेल्याच्या घरी ठेवतात. थेट प्रक्षेपण म्हणाल तर ते फक्त सकाळच्या पहिल्या तासाचं. पत्रकारांच्या गॅलरीत त्या वेळी एकच जण होता, आणि तो घोरत होता, मी स्वतः ऐकलंय.

साहेबांनी मला बोलावलं. “तुझी वही दे. आणि हे पान नव्याने टाइप कर.” वही दिली. दुपारी म्हणतात कसे, त्यावर पाणी सांडलं. सबंध वहीवर. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सांडलेलं पाणी बघितलंय कधी? मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. पण मी अजून नोकरीत पक्की झालेली नाही, सहा महिने बाकी आहेत, साहेबांनी तेही आठवण करून दिली, अगदी प्रेमाने, “बेटा” म्हणून. तर मी बसले टाइप करायला. डोळ्यात पाणी, बोटं चालू.

आणि टाइप करता करता माझी बोटं थांबली. कारण मला दिसलं, या शहाण्यांनी काय केलंय.

फीतकाप्यांनी आयुष्यात दुसऱ्याचं बोलणं ऐकलेलं नाही, तर वाचतील कशाला. आणि पीएंनी नियमाप्रमाणे फक्त मंत्र्यांच्या ओळी बदलल्या. मधल्या ओळी? मध्येच आजोबांच्या, अध्यक्षांच्या? तशाच. त्यांना हात लावायचा तर त्यांची सही लागते. लबाडी करायची तीही नियमात बसवून, इतके हे हुशार. मी कुणाला काही बोलले नाही. एकही स्वल्पविराम इकडचा तिकडे न करता टाइप केलं, साहेबांसमोर ठेवलं. साहेबांनी न बघताच सही केली. बघितलं तर आपल्याला माहीत होतं असं होईल ना, म्हणून.

तीन आठवड्यांनी चौकशी समिती बसली. निवृत्त न्यायाधीश, बारीक अंगाचे, कानात यंत्र. समोर मावशी, तिच्या मांडीवर रिकामी पिशवी. दुसऱ्या बाजूला फीतकापे, शेजारी पीए, मागे वकिलांची रांग. फीतकाप्यांनी छापील प्रत पुढे सरकवली, “हे बघा, सभागृहाचा अधिकृत दस्तऐवज. मी तेव्हाच सांगितलं होतं, यात सगळं आहे.” न्यायाधीश म्हणाले मला नीट ऐकू येत नाही, कुणीतरी मोठ्याने वाचा. शाखेतून कागद घेऊन कोण गेलं होतं? मीच. मला वाचायला लावलं.

मी वाचलं. मंत्री : “अभियंता बाईंनी लेखी कळवलं, चाचणी समाधानकारक झाली आहे, पूल उघडा. त्यांच्यावर विश्वास ठेवून मी फीत कापली.”

मग आजोबा : “म्हणजे बाई नको म्हणत असताना उघडलात?”

न्यायाधीशांनी कानातलं यंत्र हलवलं. “परत वाचा.”

परत वाचलं. मंत्री : “नाही. बाईंच्या आग्रहावरून उघडला.” अध्यक्ष : “मंत्रिमहोदय, बाईंचा विरोध का होता तेवढं सांगा आणि आटपा.” मंत्री : “त्यांना पूर्ण खात्री होती.” कंसात, हशा.

एक वकील पेनाचं टोपण चघळायला लागला. न्यायाधीश फीतकाप्यांना म्हणाले, “तुम्ही सांगता, बाई उघडा म्हणाल्या. मग अध्यक्ष विरोध का होता असं का विचारतात?”

“अध्यक्षांना... ऐकू आलं नसेल.”

“आणि हसले कशाला सगळे?”

फीतकाप्यांनी पीएंकडे बघितलं. पीएंनी छताकडे बघितलं. अत्तराचा पण वास येईनासा झाला एकदम.

मधल्या सुट्टीत यांची धावाधाव. अध्यक्षांकडे माणूस पाठवला, तुमचं वाक्यही सुधारून द्या, सही करा. आता अध्यक्ष काही सत्यवचनी वगैरे नाहीत हां. तीन वर्षं त्यांचा डोळा बांधकाम खात्यावर आहे, हे शिपायालाही माहीत. त्यांनी लेखी पाठवलं, माझं वाक्य अचूक आहे, मला स्पष्ट आठवतं. यांच्यात एवढाच प्रामाणिकपणा उरलाय, शेजाऱ्याची खुर्ची हवी असली की आठवण चांगली होते. मध्येच आजोबा तर स्वतःच आले, शपथ घेता घेताच बोलायला लागले.

मग न्यायाधीश माझ्याकडे वळले. “मुली, तू लिहून घेतलं होतंस. तू काय ऐकलंस?”

साहेब दारात उभे होते. मान हलवत होते, हळूच, नाही नाही अशी. मी म्हटलं, “सर, पहिलं पान वेगळं होतं.” मग सगळं सांगितलं, धमक, भित्र्या, सगळं. वहीवर सांडलेलं पाणी पण. आणि म्हटलं, या माझ्या मावशी आहेत, हेही लिहून घ्या, नंतर कुणी म्हणायला नको लपवलं.

आठ दिवसांत मावशीचं निलंबन मागे. कपाट उघडलं, पत्राची प्रत निघाली. फीतकाप्यांचा राजीनामा घेतला. घेतला म्हणजे काय, त्यांना कुठल्यातरी मंडळाचं अध्यक्षपद दिलं, गाडी तीच, दिवा तोच, फक्त फीत कापायला पूल नाही. साहेबांनी मला ज्ञापन दिलंय, शाखेची गोपनीयता मोडली म्हणून. सोमवारी उत्तर द्यायचंय. तेच लिहायला तुमची मदत पाहिजे, त्यासाठीच बोलावलंय, नुसतं ऐकवायला नाही.

पण थांबा. मी साक्ष देऊन घरी गेले ना त्या दिवशी, मला वाटलं मावशी मिठी मारेल. ती आईला म्हणाली, “हिला आधी पाणी दे.” मग मला म्हणाली, “ते खोटं पान तू टाइप केलंस?”

मी म्हटलं, “अगं पण त्याच्यामुळेच तर ते तोंडघशी पडले. मी मुद्दाम गप्प बसले.”

“तू मुद्दाम बसलीस की घाबरून बसलीस?”

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला. तुम्हाला खरं सांगते, आधी घाबरले होते. त्या ओळी नंतर दिसल्या. त्या दिसल्याच नसत्या तर? त्या पीएला जरा अक्कल असती तर? तर ते पान मीच टाइप केलेलं असतं, माझ्याच हाताने, आणि ती आत असती.

मावशी म्हणाली, “हं,” आणि तिच्या त्या जाड बुटांना पॉलिश करायला बसली.

परवा ती पुलावर रुजू झाली. गाळा त्याआधीच उचलून दुरुस्त केलाय, आता चाचणी. काल मी बघायला गेले होते. वाळूचे बारा ट्रक ओळीने उभे, रस्ता बंद, आणि खाली ती डोक्यावर हेल्मेट घालून मोजमापाच्या काट्याजवळ स्टूल टाकून बसलेली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नवीन बांधकाम मंत्री. म्हणजे आपले माजी अध्यक्ष, शपथ घेऊन दोनच दिवस झालेले. आवाज इतका मोठा की मला ऐकू येत होता. रविवारी उघडायचाय म्हणे, मांडव सांगून झालाय, ते ट्रक जरा लवकर हटवा.

मावशीने काट्यावरची नजर हलवली नाही. “साहेब, वजन काल दुपारी ठेवलंय. चोवीस तास झाले की मोजणार. नंतर काढणार, परत मोजणार. मांडवाचं मला माहीत नाही.”

पलीकडून काहीतरी बडबड झाली. ती म्हणाली, “नाही.” फक्त तेवढं. फोन खिशात टाकला आणि मला म्हणाली, “उन्हात उभी राहू नकोस, सावलीत ये. आणि त्या ज्ञापनाला उत्तर देताना आधी हे लिही, की ते पान तू टाइप केलंस.”

तर मी तेच पहिलं वाक्य लिहिलंय. त्याच्यापुढे काही सुचत नाहीये. बोला आता.