सात बैलांचा वाटा

जनकाबाईला व्यंकटराव पाटलाचा राग असा कधी आला नाही. राग यायला समोरचा माणूस तेवढ्या वजनाचा लागतो. त्याला पाहिलं की तिच्या तोंडातली तंबाखू कडू व्हायची, एवढंच.

कुरुंद्याच्या अलीकडच्या एका वाडीत तिची हयात गेली. बाहत्तरच्या दुष्काळात गावची जनावरं पटापट मेली, तेव्हा मेलेलं ढोर ओढायला तिच्या बौद्धांच्या वस्तीतून एक माणूस गेला नाही. ते काम त्यांनी दीक्षा घेतली तेव्हाच टाकलं होतं. मग व्यंकटरावाच्या गड्यांनी नाकाला उपरणं बांधून त्याचे सात बैल गावाखालच्या गायरानातल्या खळग्यात नेऊन टाकले. त्याच्यामागं सगळ्या गावानं आपापली ढोरं तिथंच ढकलली.

पुढं गायरानाची जमीन भूमिहीनांना वाटायची वेळ आली. सरपंच व्यंकटरावच. चारचौघांत हसत तो म्हणाला, "तो खळगा द्या जनकीला. ढोरं ओढायची लाज वाटती व्हय? आता बसा म्हणावं त्यांच्या हाडांत."

चावडीत हशा पिकला. जनकाबाईनं अंगठा उठवला, कागद पदराच्या गाठीत बांधला आणि घर गाठलं.

नवरा जळबा कपाळाला हात लावून बसला. "अगं, तिथं कुत्रं बी थांबत न्हाई."

"कुत्रं थांबत न्हाई, पण धोतरा किती माजलाय ते बघितलं का? रानमाठाची भाजी कमरेला लागून राहिली. जमीन वरडून सांगून राहिली, तुमीच बहिरे."

पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या रानात वाकून तिनं एक गोष्ट शिकली होती. रानातला चारा ढोराच्या पोटात जातो, ढोराचं शेण मातीत जातं, ढोर मेलं की तेही मातीतच जातं, आणि मातीतून पुन्हा चारा वर येतो. मधे कुणी हात घातला नाही तर हे चाक फिरत राहतं. व्यंकटराव मात्र या चाकाचे आरे उपटायला निघाला होता. दुष्काळ सरल्यावर त्यानं नवे बैल घेतलेच नाहीत, भाड्याचा ट्रॅक्टर आणला. वाडवडिलांचा उकिरडा वीटभट्टीवाल्याला देऊन टाकला. हळदीचा पाला बांधावर पेटवला. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी आलं, तसा पांढऱ्या खताच्या गोण्यांवर पाय देऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "शेणात हात घालणारे अडाणी. आता पोतं फोडायचं अन् पीक घ्यायचं."

जनकाबाई त्याच्याच रानात खुरपत असायची. हळद छातीला लागली होती, पानं काळीशार. लोक बांधावर थांबून वाहवा करत. तिनं एकदा ठोंबाच्या बुडाशी बोट घालून चाचपलं, आणि पदर तोंडावर घेऊन हसली. सगळी ताकद पाल्यातच गेली होती. खाली जमीन फरशीसारखी घट्ट. तिच्यात गड्ड्यानं अंग धरावं तरी कसं?

आपल्या खळग्यात तिनं आणि जळबानं दोन पावसाळे फक्त माती उलथीपालथी केली. हाडांचा व्यापारी मोठाली हाडं घेऊन गेला, बारकी राहिली. शेळ्यांच्या लेंड्या, चुलीची राख, कुजका पाला, जे मिळालं ते दोघांनी डोक्यावरून वाहिलं. तिसऱ्या वर्षी मजुरीत मिळालेल्या गड्ड्यांचं बेणं करून हळद लावली.

फाल्गुनात व्यंकटरावानं परभणीहून शेतीखात्याचे साहेब बोलावले. फेटे झाले, हार झाले. साहेबांनी स्वतः कुदळ मारली. छातीएवढ्या पाल्याखालून करंगळीसारखी हळकुंडं निघाली. दुसरा ठोंब काढला, तिसरा काढला. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "पाला छान आहे."

खुरपणाऱ्या बायांत कुणीतरी फिसकन हसलं.

त्याच आठवड्यात खळग्यातली हळद निघाली. एकेका ठोंबाला लेकराच्या मुठीएवढे गड्डे. बघायला गाव लोटला. व्यंकटरावही आला, आणि सगळ्यांच्या देखत असं बोलला की जळबाच्या हातातली कुदळ तशीच राहिली.

"जनके, यातली अर्धी हळद माझी."

"ती कशी?"

"खाली माझे सात बैल हायेत. त्यांच्याच जोरावर हे आलं. हिसाब बराबर हाय का न्हाई?"

जनकाबाईनं त्याला पायापासून फेट्यापर्यंत न्याहाळलं. "व्यंकटराव, तुमचे बैल काय खात होते?"

"चारा."

"कुठला?"

 बैल जन्मभर गायरानात चरले होते, हे गावातलं शेंबडं पोरगंही सांगू शकलं असतं.

"म्हंजे माझ्या जमिनीचं माझ्या जमिनीत आलं. तरी तुमची तकलीफ व्हायला नको. बैल तुमचे ना? उकरा अन् न्या. हळद काढून झाली, आता आडकाठी न्हाई."

शहाणा असता तर निघून गेला असता. पण चार माणसांत शब्द गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन गडी लावले. त्यांनी दिवसभर खळगा खणला आणि उरलीसुरली हाडं गाडीत भरली. जनकाबाई बांधावर बसून बघत होती. मांस, आतडी, शेण, सगळं मातीनं केव्हाच पचवलं होतं. हा माणूस जेवणावळ उठल्यावर पत्रावळी गोळा करत होता. वर तिची जमीन हातभर खोल फुकट खणून मिळाली.

हाडं त्यानं आपल्या रानात तशीच फेकली. पावसाळ्यात खुरपं अडखळायला लागलं. बाया म्हणाल्या, "पायात हाडं घुसतात, आमी न्हाई येत." जनकाबाईनं तर त्या रानात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

पुढल्या वर्षी व्यंकटरावाची बायको नर्मदाबाई भरदुपारी एकटीच बौद्धांच्या वस्तीत आली. या गल्लीत ती जन्मात पहिल्यांदा येत होती.

"जनकाबाई, परड्यात चार भाज्या लावीन म्हंते. काय घालू?"

"कुजलेलं शेणखत."

"आमच्या दावणीला ढोर न्हाई, ठाऊकच हाय तुमाला. थोडं देता का?"

"देते की. पण नेणार कोण? तुमचा गडी शेणाला हात लावंल का?"

"मी नेते."

जनकाबाईनं दारातल्या उकिरड्यावरून टोपली भरली, वर दाबून आणखी दोन ओंजळी घातल्या, आणि तिच्या डोक्यावर चढवून दिली. पाटलीणबाई टोपली सावरत गावातून भर उन्हात चालत गेली. ओसरीवर व्यंकटराव बसला होता. त्यानं बायकोला पाहिलं, टोपलीला पाहिलं आणि हातातला पेपर वर धरला. पेपर उलटा होता, असं नर्मदाबाईनंच पुढं सांगितलं.